चारशे बारा खुर्च्या

फिनलंडमधल्या हाउकियोकी गावात आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानाभोवती खुर्च्या सत्तावीसशे. त्यांतल्या चारशे बारा मेलेल्या माणसांच्या होत्या.

आकडा इर्याला तोंडपाठ होता. तिकीटखिडकीवर तेवीस वर्षं तीच बसत होती. कुणाची बायको जावो, कुणाचा बाप जावो, घरचे लोक ऑगस्टमध्ये यायचे आणि हंगामाची दोन्ही तिकिटं घेऊन जायचे, एक स्वतःचं, एक गेलेल्याचं. सामन्याला त्या खुर्चीवर कुणी शाल ठेवी, कुणी निळा मफलर. कागदाचा कारखाना बंद पडल्यापासून संघाला जगवायचा हाच मार्ग, अशी गावाची समजूत. इर्याचीही तीच. तिचा नवरा आर्वो जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या चौदा नंबरच्या खुर्चीचे पैसे ती दर वर्षी भरी आणि शेजारी, पंधरावर बसे.

फेब्रुवारीत संघाचा व्यवस्थापक साकू लीगचं पत्र घेऊन तिच्या खिडकीशी आला. पुढच्या हंगामाचा परवाना हवा असेल, तर सामन्यामागे सरासरी दोन हजार माणसं दारातून आत आली पाहिजेत. तिकिटं कितीही खपोत, मोजायची ती माणसं. सरासरी खाली घसरली होती. ती भरून काढायला मार्चमधल्या शेवटच्या सामन्याला सव्वीसशे माणसं लागणार होती. नाहीतर संघ व्यावसायिक लीगमधून बाहेर, खेळाडू दुसऱ्या गावांना.

"मेलेले लोक पैसे वेळेवर भरतात इर्या, पण कॉफी पीत नाहीत," साकू म्हणाला. "सॉसेज खात नाहीत. कुंपणावरच्या जाहिराती वाचत नाहीत."

"आर्वो जिवंतपणीही वाचत नव्हता."

साकू हसला नाही. गेल्या तेवीस वर्षांत तू किती माणसं परत पाठवलीस, एवढंच त्याने विचारलं.

इर्याने खालचा खण उघडला. तिकीट मागून रिकाम्या हाताने गेलेल्यांची नावं तिथे एका वहीत होती. वृद्धाश्रमातल्या परिचारिका, लाकडाच्या गिरणीतले कामगार, शाळेत नव्याने आलेले शिक्षक. पाचशे तीस. जागा नाही, हे तिने प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि सांगताना तिला दर वेळी अभिमान वाटला होता. गाव लहान आहे, माणसंच नाहीत, असं सगळे म्हणत. माणसं तिच्या गुडघ्याजवळच्या खणात होती.

पुढचे तीन आठवडे ती फोन करत राहिली. सकाळी वहीतल्यांना, दुपारी त्या चारशे बारा खुर्च्यांच्या मालकांना, शेवटच्या सामन्यापुरती जागा द्या म्हणून. मालक लगेच नाही म्हणत नसत. अटी घालत. एकीला बहिणीच्या जागी डावखुरी बाईच हवी होती. एकाला बापाच्या खुर्चीत दुधाची कॉफी पिणारा चालणार नव्हता. इर्या सगळं लिहून घेई. लिहिता लिहिता तिला वाटे, आपण तिकिटं विकत नसून कुठल्याशा मोठ्या घरात पाहुण्यांच्या खोल्या लावतो आहोत.

ताउनो राउटिओला नावाचा म्हातारा मात्र स्वतः खिडकीवर आला. गेलेल्या बायकोची, तैमीची शाल अकरा वर्षं तिच्या खुर्चीवर ठेवणारा.

"तू स्वतः आर्वोची देणार आहेस का?" त्याने विचारलं. "का फक्त आमच्याच उठवायच्या?"

इर्याने वही उघडली, एका नावापुढे चौदा लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने चष्मा लावून नीट वाचलं.

"तैमीच्या जागी पंचांना शिव्या देणारी कुणीतरी बसव," तो म्हणाला. "मिळमिळीत माणूस नको."

सामन्याच्या शनिवारी दुपारीच बाहेरचा बर्फ वितळायला लागला. दारं सारखी उघडत राहिली, ओली हवा आत आली आणि मैदानावर धुकं उभं राहिलं. खेळाडू चकती सोडून नुसतेच गोल गोल फिरत राहिले, धुकं हलावं म्हणून. ते खांद्यापर्यंत बुडालेले दिसत, मग हेल्मेटापर्यंत, मग नुसता बुटांखालच्या पात्यांचा आवाज येई. समोरच्या रांगा पांढुरक्या झाल्या होत्या. माणसं दिसत होती, चेहरे नव्हते. कोणती खुर्ची कुणाची, ते इर्याला प्रथमच सांगता येईना. गर्दी खूप जुनी वाटत होती, कारखाना चालू असतानाची.

चौदावर रोविलिन नावाची परिचारिका बसली होती. ती फिलिपीन्सहून आली होती, तिने वहीत नाव घातलं त्याला सहा वर्षं झाली होती. वृद्धाश्रमात ती सगळे सामने रेडिओवर ऐकत असे.

"सतरा नंबरचा खेळाडू इतका बुटका आहे?" ती नाराजीने म्हणाली. "रेडिओवर उंच होता."

"पळायला लागला की वाढतो," इर्या म्हणाली.

दुसऱ्या मध्यंतरात साकू पायऱ्या चढून आला. लीगचा माणूस दारावरच्या यंत्राचा आकडा लिहून घेऊन गेला होता. सव्वीसशे सतरा. परवाना मिळणार होता, पण एकाच हंगामाचा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणार. एवढं सांगून तो खाली गेला. सॉसेज संपले होते आणि रांग ओरडत होती.

रोविलिनने सगळं ऐकलं होतं. ही खुर्ची पुढच्या वर्षी मिळेल का, असं तिने हळूच विचारलं. कुणाची आहे, ते तिला ठाऊक होतं.

इर्याने धुक्याकडे पाहिलं. पाती जवळ आली, लांब गेली.

"एका हंगामासाठी देते," ती म्हणाली. "लीगनेही तेवढंच दिलंय."