धारेचा स्वेटर

ही गेली त्याला एकवीस दिवस झाले होते. त्याच दिवसापासून गाय पान्हा चोरायला लागली. धार कायम हीच काढायची. माझा हात सडाला लागला की गाय अंग आकसून घ्यायची.

राजधानी इथून तासाभरावर. गावातल्या बहुतेकांनी शेतं गोदामांना विकली आणि त्याच गोदामांवर पहारेकरी झाले. गुरं उरली ती माझी एक आणि शेजारच्या वहिनींच्या दोन, त्याही आटत आलेल्या. तिघींचा मिळून एक कॅन भरायचा, म्हणून दुधाची गाडी अजून आत वळायची.

त्या सकाळी ड्रायव्हरने झाकण उघडलं. "काका, निम्माच? मालक म्हणतो, अर्ध्या कॅनसाठी डिझेल जाळायचं नाही. उद्यापासून मी फाट्यावरून हॉर्न देईन. भरला असेल तर हात करा, नाहीतर मी चाललो."

"मग दूध काय अंगाला फासू?" वहिनी म्हणाल्या.

"फासा. गोऱ्या व्हाल."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांची चूल त्या दोन गाईंवरच पेटते. गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, तिचा धारेचा स्वेटर घाला. जनावर वासाने ओळखतं."

तो स्वेटर मी पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. रोज गाठ सोडायची, एकदाच नाक लावायचं, परत बांधायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घातला. खांद्यात उसवला. गाईने बाही हुंगली, चाटली, आणि बादलीत धार वाजली. कॅन काठोकाठ भरला. वहिनींनी दारातून हात केला, गाडी आत आली.

"काका, लेडीज स्वेटर!"

"तू कॅन उचल आधी," वहिनी म्हणाल्या, "मग दात काढ."

तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी गाईने बाही हुंगली आणि तोंड फिरवलं. सडाला हात लावला तर पाय झाडला. मी कॉलर ओढून नाकाला लावली. शेण, दूध आणि माझा घाम. गाईचं काही चुकलं नव्हतं.

फाट्यावर हॉर्न वाजला.

"भाऊजी, तिचं अजून काही आहे का? न धुतलेलं?"

"नाही. हा एकच होता."

हॉर्न परत वाजला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला नाही.