पाठीमागून टाकलेला शब्द

बहिरेपणाचं सोंग घेऊन माझ्याकडून कुणी कागद नेला, असं बावीस वर्षांत झालं नाही. श्रीरामपुरात कान-नाक-घशाचा दवाखाना टाकल्यापासून मी ही सोंगं बघतेय. कुणाला बदली हवी, कुणाला सवलत. आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार? मी करायचे.

युक्ती साधी. पेशंटला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, आपण मागे उभं राहायचं आणि हळूच म्हणायचं, "अहो, पँटची चेन उघडी आहे तुमची." खरा बहिरा ढिम्म हलत नाही. सोंगाड्याचा हात मात्र लगेच खाली जातो, आणि मग त्याची मी अशी काही हजेरी घेते की बाहेरचे पेशंटसुद्धा गप्प बसतात.

सोमवारी मच्छिंद्र आला. पन्नाशीचा, जवळच्या साखर कारखान्यात कामाला. वीस वर्षं मिलच्या धडधडाटात काढून कान गेले, म्हणाला. आता यार्डात उसाच्या ट्रेल्यांचे दोर सोडतो, पण मागून ट्रॅक्टर आला तर कळत नाही. म्हणून स्टोअरला बदली हवी होती, आणि साहेबांनी डॉक्टरचा कागद मागितला होता. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत गडी प्रत्येक प्रश्नाचं बिनचूक उत्तर देत होता. म्हटलं, वा रे बहिरा!

माझ्याकडे श्रवणचाचणी करणारी उझ्मा आलेख घेऊन आली. "मॅडम, दोनदा घेतला, दोन्ही वेळा सारखाच आलाय. खोटं बोलणाऱ्याचे असे जुळत नाहीत. पुण्याला पाठवून मेंदूची तपासणी करू या का? तिथं आवाज आला की पेशंटनं बटण दाबायची भानगडच नसते."

"तू कालची पोरगी, मला शिकवू नकोस," मी म्हटलं. चूक झाली ती तिथे.

त्याला भिंतीकडे वळवलं, मागे उभी राहिले आणि नेहमीचं वाक्य हळूच टाकलं. त्याचा हात झटकन खाली गेला.

माझं डोकंच सणकलं. टेबलाशी बसून, मान खाली घालून लिहिता लिहिता मी त्याला फैलावर घेतलं. लाज वाटत नाही का, खरे बहिरे बाहेर ताटकळत बसलेत, वगैरे वगैरे. मान वर केली तर हा हसतोय! "लई उपकार झालं, डॉक्टरीनबाई," म्हणाला. काय निर्लज्ज माणूस, मला वाटलं. इंग्रजीत लिहिलं होतं : दोन्ही कान चांगले, सध्याच्या कामास योग्य. पाकीट चिकटवून दिलं. ते त्याने कपाळाला लावलं आणि तो गेला.

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास घोडेगावचे एक मास्तर आले, असेच बदलीवाले. त्यांना बसवलं, मागे उभी राहिले, तोंड उघडलं आणि तशीच थांबले. समोर मीच दिसत होते. चष्मा, कुंकू, हलायला निघालेले ओठ, सगळं स्वच्छ. शनिवारीच त्या भिंतीला काचेच्या दारांचं नवं कपाट लावलं होतं. बावीस वर्षं तिथे नुसती भिंत होती.

मिलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, तिथली माणसं ओठांवरूनच बोलणं ओळखतात. मच्छिंद्रने माझे ओठ काचेत वाचले होते. आणि नंतर मी मान खाली घालून तोडत होते, तेव्हा त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. त्याला वाटलं, बाईंनी आपलं काम केलं.

केसपेपरवरचा नंबर लावला. बाईमाणसाचा आवाज आला.

"मच्छिंद्रला द्या, लवकर!"

"त्यांला कसा देऊ, बाई? त्यांला ऐकू येत न्हाई, म्हून त्यांचा फोन माझ्यापाशीच असतोय. मी मालकीन बोलतीय त्यांची. ते चारच्या पाळीला गेलेत."

"स्टोअरला ना?"

"न्हाई वं, यार्डातच. आन् आतापतूर बिभीषनभाऊ संगं हुते, ट्रॅक्टर आला की दंडाला धरून वढायचे. सायबांनी आजपासनं भाऊंला वजनकाट्यावर धाडलं. म्हनले, डॉक्टरच्या कागदात कान चांगलं हायेत, मग सोबत कशाला?" ती जरा थांबली. "पन तुमी तर तपासलं हुतं ना, बाई?"

मी फोन ठेवला. उझ्माला म्हटलं, कारखान्याच्या ऑफिसला फोन लावत राहा, आणि गाडी काढली. ऐन हंगाम, रस्ताभर उसाच्या ट्रेल्या. हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला. देवा, माझा कागद खोटा ठरू दे, माझी अब्रू जाऊ दे, पण तो सापडू दे, असं मी मोठमोठ्याने म्हणत होते.

यार्डात शिरले, गाडी तशीच सोडली आणि धावले. मच्छिंद्र एका ट्रेलीपाशी पाठमोरा वाकून दोराची गाठ सोडत होता. त्याच्या मागून भरलेली दुसरी ट्रेली उलटी येत होती. ट्रॅक्टरवर डेक इतका मोठ्याने वाजत होता की ड्रायव्हरलाही काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"मच्छिंद्रऽऽ!" मी घसा फाडून ओरडले.

काट्यावरची सगळी माणसं वळली. एक जण, बिभीषणच असावा, हातातलं टाकून पळत सुटला. तो फार लांब होता. मीही लांब होते.

मच्छिंद्रची गाठ सुटत नव्हती. तो आणखी खाली वाकला.