तीन नंबरची कॉइल

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला की मयुरा गाडी बाजूला घ्यायची. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ती कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होती. कोणता दिवा कशासाठी लुकलुकतो, हे ओळखण्याचाच तर तिला पगार मिळायचा. दिवा नुसता पेटून राहिला तर सवडीनं बघता येतं. लुकलुकला तर समजावं की इंजिन ठोके चुकतंय, आणि तशीच दामटली तर धुराच्या नळीतली महागडी जाळी जळून जाते. हे तिनं घरात सगळ्यांना सांगितलं. पण ऐकतो कोण? सासऱ्यांचं, मारोतरावांचं, निदान आधीच करून झालं होतं.

"बाईच्या हाती गाडी देल्ली का असंच होते," ते म्हणाले. घरातल्या घरात म्हणाले असते तर तिनं गिळलंही असतं. पण गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसून त्यांनी तेच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. शेजारच्या कौसल्याबाईंनी तर फाटकातच गाठलं. "काहून वं मयुरा, इंजिन बिघडवलं म्हणे तू?"

नवऱ्यानं, रजतनं, गाडी वाडीला नेली, मित्राच्या गॅरेजमध्ये. मित्राचं नाव गोविंदा. त्यानं मशीन जोडलं, गाडीतली बिघाडाची नोंद पुसून टाकली, दिवा विझला, दोघांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला. चार दिवसांत दिवा पुन्हा लुकलुकला. पुन्हा वाडी, पुन्हा पुसापुशी. "गाडीत काही नाही गा भाऊ," गोविंदा म्हणाला, "वहिनी क्लचवर पाय ठेवून चालवत असन."

"कोणता सिलिंडर चुकून राहिला, ते पाह्यलं का त्यानं?" मयुरानं विचारलं.

"लाइट गेली ना? मंग?" रजत म्हणाला.

मयुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला आणि कुणी नुसतं बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं, तर त्याला मेमो मिळतो. इथे त्याच कामाला दुरुस्ती म्हणत होते, आणि वर खापर तिच्या पायावर!

तिसऱ्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा मारोतरावांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. सोमवारपासून गाडी मोहित चालवेल, सूनबाईनं बसनं जावं. मोहित म्हणजे धाकटा दीर. त्याला गाडी शिकवली कुणी? मयुरानंच, शेजारी बसून, हँडब्रेकवर हात ठेवून. मोहितनं खाली मान घातली, पण नकार काही दिला नाही. ड्यूटीला आपल्या हातानं गाडी चालवत जायचं हे तिनं या घरात भांडून मिळवलं होतं, आणि ते एका दिव्यापायी हातचं जात होतं.

रविवारी तिला सुटी होती. "बाबा, चावी द्या. एकदा मले पाहू द्या," ती म्हणाली.

"पाह्य. पण संध्याकाळी चावी वापस पाह्यजे."

तिनं मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर मागवून ठेवला होता. तो लावला आणि बिघाडाची नोंद पुसायच्या आधी वाचली. एवढंच तर करायचं होतं, तेवढं सोडून दोघा पुरुषांनी सगळं केलं होतं. तीन नंबरचा सिलिंडर ठोके चुकत होता. तिनं बोनेट उघडलं, तीन नंबरच्या प्लगवर बसलेली, त्याला ठिणगी पुरवणारी कॉइल खोलून वर ओढली आणि नाक आक्रसलं. आंबूस वास. कॉइलच्या रबरी नळीवर पांढरे चट्टे, आतली स्प्रिंग गंजलेली, आणि बुडाशी चिकटलेला नारळाच्या शेंडीचा एक धागा, सोबत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

दसरा! मारोतरावांनी गाडी धुतली होती, हार घातला होता, बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. आणि सगळ्यांसारखा चाकापाशी नारळ फोडून त्यांचं समाधान झालं नव्हतं. गाडीचा जीव इंजिनात, म्हणून बोनेट उघडून त्यांनी नारळाचं सगळं पाणी इंजिनावर ओतलं होतं, अक्षता टाकल्या होत्या. हात जोडून उभी होती तीसुद्धा.

तरी तिनं शहानिशा केली, कारण एका खुणेवर निकाल द्यायची सवय तिला नव्हती, या घराला असली तरी. ती कॉइल तिनं एक नंबरवर लावली, एक नंबरची तीनवर. चूक लगेच एक नंबरवर गेली. मग तिनं मोहितला पिटाळून नवी कॉइल आणि प्लग आणवला, प्लगचा खळगा पुसून कोरडा केला, सगळं बसवलं. रिंग रोडवर गाडी पळवून आणली. दिवा गप्प राहिला.

जुनी कॉइल तिनं मारोतरावांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी धागा बघितला, तांदूळ बघितला, चष्मा काढून पुसला.

"देवाच्या पाण्यानं का कधी बिघडते?" ते म्हणाले. "झालं ना बरोबर? आण चावी."

"बाबा, लाइट लागली त्या दिवशी तर माह्या हातानं बिघडली होती ना गाडी? साऱ्या गल्लीले सांगतलं तुम्ही."

"जाऊ दे ना आता," रजत पुटपुटला. "कशाले वाढवते?"

वाढवते! तिनं चावी आपल्याच पर्समध्ये टाकली. अंगणात जाऊन वाळलेली लिंबू-मिरची सोडली आणि त्याच काळ्या दोऱ्यानं ती गंजकी कॉइल समोरच्या बंपरला बांधली, धाग्यासकट, कुंकवाच्या दाण्यासकट.

सोमवारी सकाळी तिनंच गाडी काढली. मारोतराव टपरीवर बसले होते, चार माणसं सोबत होती. कौसल्याबाई दुधाची पिशवी घेऊन थबकल्या. "हे काय बांधलं वं गाडीले?"

मयुरानं काच पूर्ण खाली केली. "बाबांले माहीत आहे. त्याहीलेच विचारा."

टपरीवरच्या सगळ्या माना मारोतरावांकडे वळल्या. तिनं गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय पूर्ण उचलला.