दोन वाजताची माणसं

कला अमर असते, असं म्हणतात. मास्तरांना नेमकी त्याचीच भीती वाटत असे.

ते चित्रकलेचे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला होता. सार्वजनिक म्हणावी अशी एकच कलाकृती त्यांच्या हातून घडली होती, आणि ती पाणीपुरवठा कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर, मुख्य दाराला लागून, चाळीसेक वर्षं ऊनपाऊस खात उभी होती. चकचकीत फरशीच्या बारीक तुकड्यांचं मोठं भित्तिचित्र. एक तुकडा निखळेल तर शपथ. विषय होता ‘श्रमाचा गौरव’. सकाळचे दहा वाजलेत, बाया-माणसं हातात पिशव्या, छत्र्या, डबे घेऊन लगबगीने कार्यालयाच्या दाराकडे निघालीत, अशी कल्पना.

कल्पनाच. कारण असल्या कामात तुकडे भिंतीवर एकेक करून लावत बसत नाहीत. आधी ते कागदावर पालथे चिकटवतात, मग कागद ओल्या गिलाव्यावर दाबतात आणि नंतर भिजवून सोलून काढतात. म्हणून कागदावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. हे मास्तरांना ठाऊक होतं. वर्गात पोरांना त्यांनी ते दोनदा समजावलंही होतं. स्वतःच्या वेळी विसरले, एवढंच.

कागद सोलला तेव्हा सगळ्या माणसांनी दाराकडे पाठ फिरवलेली होती. जो तो डाव्या हाताने रामराम करत होता. चित्रातल्या घड्याळात आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या, त्यामुळे दहाचे दोन वाजायला काहीच अडचण आली नाही. पाणीपुरवठ्याची माणसं भर दुपारी दोनला घरी निघालीत, असा तो देखावा झाला होता. गवंड्याने कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “मास्तर, हुबेहूब जमलंय.”

उद्घाटनाच्या पाहुण्यांनी चित्राकडे पाठ करून फोटो काढून घेतला, त्यामुळे बभ्रा झाला नाही. पण तेव्हापासून मास्तर त्या रस्त्याने गेले नाहीत. कुठेही जायचं झालं तर भाजीबाजारातून वळसा घालून जात. “एका भिंतीपायी किती चपला झिजवल्यात, त्याचाही गौरव व्हायला पाहिजे,” असं बायको म्हणायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एक संशोधक मुलगी उपटली. शहराच्या अंगावरची नक्षी हा तिचा अभ्यासाचा विषय. गटारांची झाकणं, जिन्यांचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, पदपथाच्या फरश्या, कशाकशासमोर ती उकिडवी बसून फोटो काढायची. तिला ही भिंत दिसली. तिने वर्तमानपत्रात लेख लिहिला की, सत्तेच्या नाकासमोर, सत्तेच्याच खर्चाने केलेलं इतकं धारदार व्यंग या शहरात दुसरं नाही.

शहर हसलं. कार्यालयाचे साहेब हसले नाहीत. भिंतीवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून टाकायचे, असं त्यांनी ठरवलं. मुलीने कलावारसा समितीकडे धाव घेतली आणि तिथून थेट मास्तरांच्या घरी आली.

“सर, तुम्ही समितीपुढे एवढंच सांगायचं, की हे मुद्दाम केलं होतं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर ती कलाकृती राहत नाही, सदोष बांधकाम ठरतं. सदोष बांधकाम झाकायला साहेबांना कुणालाच विचारावं लागत नाही.”

बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “मुद्दाम? बाई गं, ह्यांना मुद्दाम साधं उशिरासुद्धा उठता येत नाही.”

“झाकू देत की,” मास्तर म्हणाले. “मी तरी दुसरं काय मागत होतो इतकी वर्षं?”

मुलीचं तोंड एवढंसं झालं. “मग निदान एकदा बघून तरी या, सर.”

“जा हो,” बायको म्हणाली. “वैऱ्याचं झालं तरी शेवटचं तोंड बघायला जातात माणसं.”

मास्तर गेले. समोरच्या थांब्यावर, बसची वाट बघणाऱ्यासारखा चेहरा करून बसले.

आधी माणसं पाहिली. ती आठवत होती तितकीच वाईट होती. मग नजर त्यांच्यामागे घसरली. मागच्या जागेत मास्तरांनी अर्धगोल भरले होते, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. पाण्याचं खातं म्हणून लाटा. निळे तुकडे मध्येच संपले, म्हणून निळ्यात हिरवा मिसळत नेला, हिरवाही पुरेना तेव्हा चहाचा रंग आला. घरात जमिनीवर पसरलेला कागद, आणि ताटल्या-वाट्यांत तुकड्यांचे रंग निवडून ठेवणारी बायको. आठवडाभर घरात जेवायला ताटली उरली नव्हती. त्या नक्षीचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. ती भरायची म्हणून भरलेली.

आणि ती चांगली होती. निळ्यातून हिरवा कुठे सुरू होतो, ते त्यांना स्वतःलाही सापडेना. खालच्या ओळी लोकांच्या पाठी टेकून टेकून गुळगुळीत झाल्या होत्या. भिंतीला टेकून एक बाई फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होती आणि दुसऱ्या हातातल्या किल्लीने एकेक अर्धगोल गिरवत होती. एक संपला की पुढचा. चित्रातली माणसं कुठल्या हाताने रामराम करतात, याचं तिला सोयरसुतक नव्हतं. नक्षीला तोंड नसतं आणि पाठही नसते, ती उलटवली तरी नक्षीच राहते, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. चित्रकला शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे जरा उशिराच कळलं म्हणायचं.

घरी यायला अंधार झाला.

“अगं, त्या भिंतीसमोरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर कसली सुंदर वेल कोरलीय, बघितलीस कधी?”

“रोज बघते,” बायको म्हणाली. “भाजीबाजारातून जाणाऱ्यांना नाही दिसत.”

मास्तर म्हणाले, “ती भिंत राहायला पाहिजे गं.”

“मग सांगा, मुद्दाम केलं.”

“आणि माणसं मला थोर टवाळखोर समजणार. मेल्यावरसुद्धा.”

“जिवंतपणी कोण काय समजतंय?”

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मुलगी. मुलगी मास्तरांकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. मास्तर उभे राहिले. ‘मुद्दाम’ हा शब्द जिभेच्या टोकावर आलेला होता. तो तिथेच राहिला.

“चूक झाली होती,” ते म्हणाले. “कागद उलटा काढायचा असतो, मी सुलटा काढला. पण माणसांच्या मागची नक्षी चूक नाही. ती चांगली आहे. तेवढ्यासाठी भिंत ठेवा.”

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. साहेब मात्र खुर्चीत सावरून बसले.

“म्हणजे आमच्या खात्यावर टीका वगैरे नाही?”

“छे हो.”

“ते दोन वाजलेत ते?”

“दहा आहेत.”

“आणि आमची माणसं आत येतायत?”

“मनाने आतच येतायत.”

साहेबांचा चेहरा उजळला. “मग आमची काही हरकत नाही बुवा! चूक कुणाच्या हातून होत नाही? आमच्याकडे तर...” पुढचं त्यांनी गिळलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. “सदोष बांधकाम म्हणावं, तर चाळीस वर्षांत कुणी तक्रार केलेली नाही. इतकी जुनी चूक असली की आम्ही तिला वारसाच म्हणतो.” भिंत राखावी आणि खात्याने ऊनपावसापासून तिचं योग्य संरक्षण करावं, असा निर्णय झाला.

जिना उतरताना मुलगी म्हणाली, “सर, जवळजवळ घालवलं होतंत तुम्ही. आता मी पुढच्या लेखात लिहू काय?”

“नक्षीबद्दल लिही.”

“नक्षीबद्दल कोण वाचतं, सर?”

मास्तर आता रोज त्याच रस्त्याने जायचं, असं ठरवून घरी आले. महिनाभर गेलेही.

मग खात्याने निर्णयाची अंमलबजावणी केली. संरक्षण म्हणून भिंतीला लागून, जमिनीपासून थेट छपरापर्यंत, चहूबाजूंनी बंद अशी पत्र्याची शेड उभारली. शेडला दार आहे, दाराला कुलूप आहे. आत कर्मचाऱ्यांच्या साठेक दुचाकी मावतात.