गॅब्रिएल डॉक्टरांचा निवाडा

गोदूबाईने सहदेवचा हात पुन्हा ओढून घेतला आणि काथ्याच्या चोथ्याने त्याची नखं घासायला सुरुवात केली. ठाण्याला नौपाड्यात गॅब्रिएल डॉक्टरांच्या अंगणात, विहिरीच्या कडेला दोघं बसली होती.

"अगं, कातडं निघेल."

"निघू दे. असे हात घेऊन साहेबांपुढे जायचं?"

कल्याणच्या वखारीत आगगाडीच्या इंजिनांचा कोळसा उपसण्यात सहदेवचं तारुण्य गेलं होतं. शिमग्यापासून त्याला पाटी उचलवत नव्हती. वखारीचे ठेकेदार नवरोजजी शेठ देवमाणूस. त्यांनी यंदा नवा रिवाज घातला होता, की कोळशाने ज्याची छाती गेली त्याला घरबसल्या अर्धा पगार मिळावा. पण ती कोळशानेच गेली, की चिलमीने, की मुळातच दमा आहे, हे गॅब्रिएल डॉक्टरांनी तपासून सांगायचं. ते नाही म्हणाले, तर पुन्हा पाटी, नाहीतर उपास.

निघताना महिपत मुकादमाने बजावलं होतं, "वहिनी, चिलमीचं नाव काढू नका. विचारलंच तर कानाला हात लावा."

पण चातुर्मासापुरतं गोदूबाईने मीठ सोडलं होतं आणि खोटं बोलणंही. दोन्ही नवऱ्याच्या श्वासासाठीच.

डॉक्टर पडवीत आले. पांढऱ्या मिशांचे, सावकाश चालणारे. त्यांनी सहदेवला वर बोलावून त्याच्या पाठीला नळी लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"घरात कुणाला दमा?"

"नाही, साहेब."

"चिलीम ओढतोस?"

सहदेवचा हात कानाकडे निघाला. तेवढ्यात खांबाआडून गोदूबाई हळूच म्हणाली, "ओढायचे. शिमग्यापासून सोडली."

सहदेवने असं काही वळून पाहिलं, की तिने पदर आणखी पुढे ओढला. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली.

"आता इथेच पंचाईत आहे, बाई. छाती खराब आहे, ते ऐकू येतंय. पण कशाने, ते ही नळी सांगत नाही. जरा खोकून दाखव रे."

"तुमच्यापुढे कसा खोकू, साहेब?"

"माझ्यापुढे नाही तर कुणापुढे?"

"आज नाही खोकायचे ते," गोदूबाईने अभिमानाने सांगितलं. "साहेबांना त्रास नको म्हणून पहाटेच अडुळशाचा काढा दिलाय. चांगला दाट. वर मध."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसू लागले.

"अहो बाई, नेमका आजच कशाला पाजलात?"

गोदूबाईचं तोंड उतरलं. आपलं काय चुकलं ते तिला उमगेना. मोठ्या माणसाकडे जाताना घरचं दुखणं झाकून, स्वच्छ होऊनच जायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

"असं कर," डॉक्टर सहदेवला म्हणाले. "विहिरीतून कळशीभर पाणी काढ आणि त्या फणसाला घालून ये."

गोदूबाई लगबगीने उठली.

"तुम्ही नाही. त्याला जाऊ द्या."

सहदेवने पोहरा सोडला, ओढला. कळशी खांद्यावर घेऊन तो निघाला, आणि फणसापर्यंत पोचायच्या आत त्याने ती खाली टेकवली. पडवीकडे पाठ करून कुंपणाशी वाकला, उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. आवाज तरी आलाच. काढ्याला न जुमानता तो खोकला मुळापासून वर आला आणि थांबेना. गोदूबाईने खांब घट्ट धरला.

परतल्यावर सहदेव उपरणं पाठीमागे धरून उभा राहिला.

"दाखव."

"घाण आहे, साहेब."

"ती बघायलाच तर शेठनी मला बसवलंय."

डॉक्टरांनी उपरणं घेतलं आणि उजेडात धरलं. मधोमध काजळासारखा ओला डाग होता.

"कालच धुतलं होतं हो," गोदूबाई खाली मान घालून पुटपुटली.

"वखारीत शेवटचा कधी गेला होतास?"

"शिमग्याच्या आधी. मग पायच नाही ठेवला."

"आणि चिलीमही तेव्हाच सुटली." डॉक्टरांनी उपरण्याची घडी घातली. काळ्या डागाची आहे असं वाटू नये, इतकी नीट घातली. "आता श्रावण संपत आला, तरी काळंच पडतंय. हा चिलमीचा धूर नाही, दमाही नाही. कोळसा आत जाऊन बसलाय. बाई, तुम्ही खरं बोललात म्हणून मला तारीख जुळवता आली. शेठना आजच कळवतो. अर्धा पगार सुरू होईल."

गोदूबाईने पडवीच्या पायरीवर डोकं टेकवलं, आणि डॉक्टर "अहो, अहो" म्हणत मागे सरले तरी उचललं नाही. मग डोळे पुसून ती उठली. काहीतरी मनात घोळत होतं.

"साहेब, एक विचारू? हे बरे झाले की आम्ही येऊन सांगायचं ना? फुकटचं खाणं नको. शेठ एवढे चांगले."

डॉक्टरांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेव त्यांच्याकडेच बघत होता.

"नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "सांगायला यायची गरज नाही. पगार बंद नाही व्हायचा."

"बरे झाले तरी?"

डॉक्टर नळी पुसू लागले. "बंद नाही व्हायचा," ते पुन्हा म्हणाले.

"ऐकलंत?" गोदूबाईचा चेहरा उजळला होता. "केवढं मन म्हणायचं शेठचं!"

"मोठं मन," सहदेव म्हणाला. त्याने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि तो जरा वेळ तसाच वाकून राहिला.

स्टेशनच्या वाटेवर ती बोलत होती आणि तो तिच्या मागे सावकाश चालत होता. दुर्गाडीच्या देवीची ओटी भरायची, खण हिरवा घ्यायचा, नारळ वखारीतल्या सगळ्यांना वाटायचा.

"चैत्रात जाऊ," ती म्हणाली. "तोवर तुम्हाला दम येईल. टेकडी चढवेल."

"चैत्र कशाला? या मंगळवारीच जाऊ."

"एवढी घाई?"

"देवीचे उपकार कशाला थकवायचे? थांबत थांबत चढू. तू आहेस ना."

गोदूबाई लाजून हसली. इतक्या वर्षांत देवाला जायची गोष्ट त्याने पहिल्यांदाच आपणहून काढली होती.