फर्मा चौदा, पुन्हा

फर्मा तेरा

छापखान्याच्या माळ्यावर चार बायका पुस्तकं बांधायच्या, आणि सध्या चौघींचा जीव एका ड्यूकच्या गोष्टीत अडकला होता.

कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतली. राजाला वेड लागलंय, कारभार मुलगा बघतोय आणि बाकीच्या बड्या मंडळींना नाचण्यावाचून उद्योग नाही, असा तो काळ. पण नायिका भलतीच. वय एकोणतीस, जीभ फटकळ, आणि धंदा काय, तर जमिनी मोजणं. दालनात सगळ्या पोरी पंखे हलवत उभ्या, आणि ही पावलं टाकत दालनाची लांबी मोजतेय! ड्यूक विचारतो, "आपण कुणाला शोधताय?" ही म्हणते, "बाजूला व्हा, माझा आकडा चुकेल." बायकांनी तिचं पुस्तकातलं नाव कधीच टाकून दिलं होतं. त्या तिला मोजणीवाली म्हणायच्या.

सोळा पानांचा एक फर्मा. खाली यंत्रावर रोज एक छापून व्हायचा, वर यायचा, त्याच्या घड्या पडायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत जुळणीबाई तो वाचून दाखवायची. जुळणीबाई म्हणजे लांब टेबलाभोवती फिरत, एकेक फर्मा क्रमानं उचलून पुस्तक जुळवणारी. गोष्ट तिचीच आहे. वय एकोणचाळीस, भावाच्या घरी राहणारी, आणि अठरा वर्षांत एकदाही क्रम न चुकलेली.

"हिला एकोणतिशीत ड्यूक मिळतो," शिलाईवाली मावशी दोरा दातांनी तोडत म्हणाली. "आपल्याला काय मिळालं? चष्मा!"

फर्मा चौदा

ताव वर आले. जुळणीबाईनं पहिल्याची घडी घातली, हाडाच्या पट्टीनं दाबली, पानं फाडली आणि वाचू लागली. मोजणीवाली मोजणीची साखळी धरून चिखलात उभी होती. ड्यूक घोड्यावरून उतरला. म्हणाला, "माझ्याबरोबर चला. पुन्हा कधी ही साखळी हातात धरावी लागणार नाही."

तिथे सोळावं पान संपलं.

"मेला फर्मा बरा नेमका इथेच संपतो!" मावशी कडाडली.

जुळणीबाईनं पानं खाली ठेवली. कारण हेच, जवळजवळ याच शब्दांत, तिला सोमवारी जिन्यात विचारून झालं होतं.

विचारणारा खालचा मशीनवाला. बायका त्याला मुकेराव म्हणायच्या, यावरून काय ते समजा. "शनिवारी चाललो मी," तो म्हणाला होता. "दुसऱ्या गावी, नव्या छापखान्यात. तुम्ही याल का? लग्न करून, म्हणजे. तिथे तुम्हाला काम करायची गरज नाही." एवढं बोलून तो घामाघूम झाला.

'हो' तिच्या जिभेवर होतंच. दहा वर्षं होतं. पण शेवटच्या वाक्याशी ते अडलं. मुकेराव मान हलवून जिना उतरून गेला. असला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

तेव्हापासून खालचं यंत्र सुरू झालं की त्याची धडधड जमिनीतून तिच्या तळपायांना लागायची, आणि ती जागच्या जागी थांबायची. गुरुवारी तिनं तेराव्यानंतर अकरावा उचलला. मावशीनं बघितलं आणि स्वतःच तो बदलून ठेवला.

फर्मा चौदा

ताव वर आले. जुळणीबाईनं पहिल्याची घडी घातली, हाडाच्या पट्टीनं दाबली, पानं फाडली आणि वाचू लागली. मोजणीवाली मोजणीची साखळी धरून चिखलात उभी होती. ड्यूक घोड्यावरून उतरला.

"अगं, हा कालच उतरला होता ना?"

"किती वेळा उतरतोय! घोडा बिचारा."

"चौदाव्याचेच उरलेले ताव पाठवलेत," मावशी म्हणाली. "दहा वर्षांत या माणसानं एक ताव चुकीचा पाठवला नाही. आजच काय झालं?"

शुक्रवार होता. जुळणीबाईनं गठ्ठा छातीशी धरला आणि खाली निघाली. जिन्याला एकवीस पायऱ्या. एकविसाव्या पायरीपर्यंत तिची खात्री झाली होती की त्यानं हे मुद्दाम केलं.

"चौदावाच आला परत."

त्यानं पानाच्या तळाचा बारीक आकडा पाहिला. कान लाल झाले. "चुकलं."

तिला तो शब्द नको होता. "चुकलंच?"

"लक्ष नव्हतं. आठवडाभर नाहीये."

"मला वाटलं, परत विचारताय."

त्यानं यंत्र बंद केलं, फडक्याला हात पुसले. शाई काही निघाली नाही. "विचारलं तर?"

"तर मीच एक विचारीन. तिथे जुळणीचं टेबल आहे?"

"टेबल?"

"मी घरी बसायला नाही यायची. टेबल असेल तर येईन."

तो बघतच राहिला. "हे मी तिथे विचारलंच नाही."

"मग विचारा."

"उद्या पोचलो की विचारतो. कळवतो."

"किती दिवसांत?"

"असेल तर लगेच." पंधराव्याचा गठ्ठा तिच्या हातात देता देता तो थांबला. "नसेल तर वेळ लागेल. करून घ्यावं लागेल. उंची किती हवी?"

तिनं कंबरेपाशी आडवा हात धरला. त्यानं नीट पाहून घेतलं.

फर्मा पंधरा

ती वर पोचायच्या आत बायका जिन्याच्या तोंडाशी.

"काय म्हणाली मोजणीवाली?"

"तिनं उलटा प्रश्न विचारला."

"आणि तो?"

"बघतो म्हणाला."

"म्हणजे आता वाट बघायची?"

"हो."

मावशीनं गठ्ठा हातात घेतला, फिरवून पाहिला. मग चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, याची तर सुतळीसुद्धा सुटलेली नाही."

खाली यंत्र पुन्हा सुरू झालं. जुळणीबाईनं चपला काढून टेबलाखाली सारल्या आणि अनवाणी उभी राहिली.