मेरीबाईंच्या शिल्लक रजा

मित्रांनो, मी पोत्यांची तोंडं शिवणारं एक जुनं मशीन आहे. केडगावच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मला आणलं, त्याला तेवीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून माझ्यापुढे मेरीबाई बसायच्या. पोतं शिवून झालं की त्या दोऱ्याचं एक टोक चार बोटं लांब सोडायच्या. ते ओढलं की सगळी शिलाई सरसर उसवते, पोतं फाडावं लागत नाही. मालक आप्पासाहेब पाहुण्यांना ते टोक ओढून दाखवायचे आणि माझी स्तुती करायचे. मेरीबाईंचं नाव कधी घेतलं नाही.

मागच्या वर्षी आप्पासाहेबांच्या दूध कंपनीने त्यांचीच ही खाद्याची कंपनी घेतली. हिशेबनीस बन्सी यादी घेऊन माझ्यापाशी आला.

"याची काय किंमत लावली रं?" मेरीबाईंनी विचारलं.

"दरसालची झीज वजा करून वहीत एक रुपया उरलाय, मावशी. तोच पुढं न्यायचा."

"आता कंपनीच दुसऱ्याची झाली. मग नवा भाव न्हाई व्हय?"

"दुसऱ्याची कुठं? दोन्ही एकाच मालकाच्या. या खिशातलं त्या खिशात. जे हाय, जसं हाय, तसंच पुढं. मागच्या वर्षाचे आकडेबी, दोन्ही कंपन्या पहिल्यापासून एकच हुत्या, असे मांडायचे."

"लई भारी! मग माज्या रजाबी पुढं जातील."

त्यांच्या एकशे ऐंशी रजा शिल्लक होत्या. पोटात गाठ होती आणि ऑपरेशननंतर तीन महिने घरी बसावं लागणार होतं. त्यासाठी ताप अंगावर काढून त्यांनी एकेक रजा राखली होती.

बन्सीने यादीचं पान उलटलं. त्याने एक कागद पुढे केला. "सही करा. मालक तेच हायेत."

मालक तेच, म्हणून मेरीबाईंनी न वाचता सही केली.

पुढच्या महिन्यात त्यांनी रजा मागितली. बन्सीने तोच कागद वाचून दाखवला. त्यात आजपासून नवी नेमणूक, असं लिहिलं होतं. जुन्या रजा संपल्या. नव्या कामगाराला वर्षभर भरपगारी रजा नाही. माझा रुपया पुढे गेला, त्यांची बावीस वर्षं मागे राहिली.

घर त्यांच्याच पगारावर चालायचं. ऑपरेशन लांबलं. अकराव्या महिन्यात मेरीबाई गेल्या.

त्यांचे पती दानीएल त्यांची कात्री न्यायला आले. ती माझ्या खिळ्यालाच अडकवलेली होती.

"मीच म्हनलो तिला," ते बन्सीला म्हणाले, "वरीसच तर हाय, असं जाईल. नोकरी नको सोडू."

बन्सीने खिळ्यावरची कात्री काढून त्यांच्या हातात दिली.

कोपऱ्यात मेरीबाईंनी शिवलेलं शेवटचं पोतं होतं. दानीएलनी दोऱ्याचं टोक बोटांत धरलं. बराच वेळ धरलं. ओढलं नाही.

परवा आप्पासाहेब पाहुण्यांना घेऊन आले. एका पोत्याचं टोक शोधू लागले. टोक नव्हतंच. शेवटी विळा मागवून पोतं फाडावं लागलं, खाद्य सगळं जमिनीवर सांडलं.

मित्रांनो, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं काही अडलेलं नाही. तुमच्यातलं कोणी उद्या बन्सीच्या खुर्चीत बसेल. तेव्हा यादीत मशीनच्या खाली माणसं लिहा आणि त्यांचीही वर्षं जशी आहेत तशी पुढे न्या. तेवढं नाहीच जमलं, तर सहीआधी निदान कागद तरी वाचून दाखवा.